अकरा हजार

मी सांगलीत एका पतसंस्थेत कॅशियर आहे. एकवीस वर्षं झाली. दिवसभर हातातनं लाखांनी रक्कम जाते, त्यामुळं आकडा बघून घाबरायची सवय मोडली आहे. पण २०२३ च्या सप्टेंबरात, गणपती आठवड्यावर आलेले असताना, लॅबच्या कागदावर माझ्या नावाखाली ११,००० हा आकडा आला आणि मी तो तीनदा वाचला. मला वाटलं, एक शून्य टाकायचं राहिलं असेल. आमच्याकडं भरणा स्लिपवर लोक विसरतात तसं.

शून्य राहिलं नव्हतं. एका मायक्रोलिटर रक्तात, म्हणजे मोहरीच्या दाण्याहून लहान थेंबात, रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट दीड ते साडेचार लाख असायला हव्यात. माझ्या अकरा हजार होत्या. आणि मी त्या दिवशी सकाळी ओट्यावर चढून माळ्यावरची गणपतीची आरास काढली होती.

खरं तर तीन महिने अंग काहीतरी सांगत होतं. मांडीवर काळानिळा डाग, दंडावर दुसरा. काउंटरच्या ड्रॉवरचा कोपरा मला रोज लागतो, तेव्हा त्याच्या नावावर ते खपलं. पाळी दहा-दहा दिवस चालायची. लेडी डॉक्टर म्हणाल्या, "थायरॉइड आहे ना तुम्हाला, मग अंगावरून जास्त जाणारच." ते चूकही नव्हतं, थायरॉइड कमी पडलं की असं होतं. माझं थायरॉइड २०११ पासनं आहे, धाकट्याच्या बाळंतपणानंतर निघालेलं. ("थायरॉइड आहे" म्हणजे काय? थायरॉइड सगळ्यांनाच असतं. पण आपण असंच बोलतो, आणि त्या बोलण्यातच पुढचा निम्मा घोटाळा आहे.)

मग पोटऱ्यांवर लाल ठिपके आले. बारीक, तिखट सांडल्यासारखे. मी घामोळं म्हणाले. थोरली तेव्हा अकरावी सायन्सला होती. तिनं काचेचा पेला आणला, ठिपक्यांवर दाबून धरला आणि काचेतनं बघत राहिली. "आई, हे जात नाहीत." साधं पुरळ दाबल्यावर पांढुरकं होतं. हे लालच राहिले, कारण ते कातडीखाली झिरपलेलं रक्त होतं. तरीही मी दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी भाकरी खाताना गालाच्या आत जांभळाएवढा रक्ताचा फोड आला, तेव्हा कुठं लॅबमध्ये गेले.

सप्टेंबर महिना, आणि प्लेटलेट कमी. आमच्या गल्लीत याचं एकच नाव आहे, डेंग्यू. मला ताप नव्हता. शेजारच्या काकू म्हणाल्या, "आतला ताप असतो काहींना." संध्याकाळपर्यंत घरात पपईची पानं, सहा किवी आणि बाटलीभर शेळीचं दूध जमा झालं. पपईच्या पानांचा रस मी प्याले. कारल्याला गोड म्हणायला लावील इतका कडू. डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह आली तरी तो रस दोन दिवस चालू होता, कारण आणणाऱ्याचं मन कोण मोडणार?

ज्या दवाखान्यात मला ठेवलं तिथं पहिलं काम निघालं प्लेटलेटची पिशवी आणायचं. दिरांनी व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप टाकला आणि रात्री साडेनऊला एक अनोळखी मुलगा रक्तपेढीत येऊन दीड तास एक हात मशीनला जोडून बसला. प्लेटलेटची पिशवी लाल नसते हे मला तेव्हा कळलं. ताकावर येणाऱ्या निवळीसारखं पिवळट पाणी. ती चढवल्यावर माझा आकडा सव्वीस हजारांवर गेला, सगळ्यांनी हुश्श केलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बारा हजार. त्या मुलाचा दीड तास माझ्या अंगात एक रात्रसुद्धा टिकला नाही. त्याचं अजून वाईट वाटतं. नंतर कळलं की माझ्यासारख्या दुखण्यात बाहेरून दिलेल्या प्लेटलेटही तशाच मारल्या जातात. जोराचा रक्तस्राव चालू असेल तरच पिशवीचा आधार घ्यायचा. माझा तसा नव्हता.

त्या बारा हजारांनंतर कुणीतरी शहाणपणानं रक्ताची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली बघायला लावली. कधी कधी नळीतल्या रसायनामुळं प्लेटलेट एकमेकींना चिकटून गुठळ्या होतात आणि मशीन त्यांना मोजतच नाही. माणूस ठणठणीत असतो, कागद मात्र आजारी. माझ्या पट्टीवर गुठळ्या नव्हत्या, प्लेटलेटच नव्हत्या. बाकी रक्त ठीक होतं, हिमोग्लोबिन तेवढं नऊवर आलेलं. पुण्याला हेमॅटॉलॉजिस्टकडं, म्हणजे रक्ताच्या डॉक्टरांकडं, जा म्हणाले.

तर पुण्याचा तो दिवस. हा लेख मी त्या दिवसासाठीच लिहितेय.

डॉक्टर मॅडम पन्नाशीच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी आधी माझे तळहात, मग पोटऱ्या, मग तोंडातला फोड बघितला. पोटाच्या डाव्या बाजूला बरगडीखाली दाबून पाणथरी (प्लीहा, इंग्रजीत स्प्लीन) वाढली आहे का ते बघितलं. नव्हती. मग फाइल मागितली. मी दिली ती रक्ताची फाइल. त्या म्हणाल्या, "आणि थायरॉइडची?" ती घरी होती. रक्ताच्या डॉक्टरांकडं थायरॉइडची फाइल कशाला न्यायची, असं माझं गणित. नवऱ्यानं थोरलीला फोन लावला, तिनं कपाटातनं फाइल काढून एकेक पानाचा फोटो पाठवला.

त्या फोटोंमध्ये २०१९ च्या एका आरोग्य शिबिराचा कागद होता. थायरॉइडबरोबर रक्ताची तपासणीही केलेली. प्लेटलेट ९२,०००, शेजारी कमी असल्याची खूण. म्हणजे चार वर्षं तो आकडा माझ्याच कपाटात पडून होता. मी थायरॉइडचा आकडा वाचला, नॉर्मल बघितला आणि फाइल बंद केली. रोज संध्याकाळी रुपयाचा फरक सापडेपर्यंत न उठणारी बाई मी. दोष कुणाला देऊ?

मग त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला थायरॉइड? संधिवात? लहानपणापासूनची शुगर? कोड?"

आईचं सांगितलं. आईला गळ्याशी गाठ होती, डोळे बाहेर आल्यासारखे दिसायचे, हात थरथरायचे, गोळ्या चालू होत्या. मॅडम म्हणाल्या, हा ग्रेव्ह्ज, थायरॉइड जास्त धावणारा. "आणि कोड?"

नवरा शेजारच्या खुर्चीवर. आमचं लग्न २००४ चं.

माझ्या मावशीला कोड आहे. आईची धाकटी बहीण. डाव्या हातावर मनगटापासनं कोपरापर्यंत, आणि मानेवर. तिचं लग्न झालं नाही, आणि ते का झालं नाही हे आमच्या घरात कधी बोललं गेलं नाही. माझ्या वेळी पाहुणे बघायला आले तेव्हा ती पुढं आली नाही. लग्नात तिला भांडारघराची किल्ली दिली. आमच्याकडं ते मानाचं काम समजतात, नारळ, साखर, तांदूळ सगळं तिच्या ताब्यात. पण भांडारघराला एकच दार होतं आणि ते मांडवाच्या मागं उघडायचं. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये दोनशेच्यावर फोटो आहेत. मावशी एकातही नाही. पुढं कधी तिकडं जाणं झालंच, तर तिच्या हातावरचं ते लहानपणी दूध सांडून भाजलेलं आहे, असं आईनं जावयाला सांगून ठेवलेलं.

मॅडम पेन धरून बसल्या होत्या. मी म्हणाले, "मावशीला आहे. कोड."

त्यांनी नुसतं लिहून घेतलं. मावशी, आईकडून, कोड. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. वीस वर्षं जपलेली गोष्ट एका ओळीत मावली.

त्यांनी जे समजावलं ते मी माझ्या काउंटरच्या भाषेत सांगते. आमच्याकडं नोटा मोजायचं मशीन आहे. खोटी नोट आली की थांबतं, आवाज करतं. २०१८ मध्ये शंभराची नवी जांभळी नोट आली, तेव्हा मशीनला ती ओळखता येईना. सेटिंग करायला माणूस येऊन गेला. त्यानंतर मशीन नवी नोट घ्यायला लागलं, पण शंभराच्या जुन्या, चांगल्या, आपल्याच बँकेतनं आलेल्या नोटा बाहेर टाकायला लागलं. नोटेत काही खोट नव्हती, बिघाड ओळखणाऱ्याकडं होता. शरीराचं पहारा देणारं खातं असंच बिघडू शकतं. कधी एखादा विषाणूचा ताप येऊन जातो आणि त्यानंतर बिघडतं, कधी काहीच कारण सापडत नाही. प्लेटलेटच्या अंगावर जी प्रथिनं असतात, त्यांनाच ते परकं ठरवतं आणि प्रतिपिंडांचा, म्हणजे अँटीबॉडीचा, शिक्का मारतं. शिक्का बसलेली प्लेटलेट पाणथरीतनं जाताना तिथल्या पेशी तिला गिळतात. सात ते दहा दिवस जगायची ती काही तासांत संपते. शिवाय हाडाच्या मगजात नव्या प्लेटलेट बनवणाऱ्या पेशींनाही त्याचा उपद्रव होतो. या दुखण्याला आयटीपी म्हणतात. त्यातला पहिला 'आय' पूर्वी 'कारण माहीत नाही' या अर्थाचा होता, २००९ मध्ये तज्ज्ञांनी बसून तो 'इम्यून' असा केला. अक्षर तेच, अर्थ बदलला.

माझ्या थायरॉइडचंही तेच. त्याचं नाव हाशिमोटो. गळ्यातल्या ग्रंथीत जे एक प्रथिन संप्रेरक बनवायचं काम करतं, त्यावर शिक्का बसलेला. त्या शिक्क्याची, म्हणजे प्रतिपिंडांची, तपासणी बारा वर्षांत माझी कधी झालीच नव्हती, कारण गोळी तीच द्यायची असते. मॅडमनी करायला लावली. पस्तीसच्या आत हवा तो आकडा तेराशेच्या वर निघाला. त्याच्या पुढं लॅबचं मशीन मोजत नाही म्हणे.

एक गोष्ट मी दोनदा विचारून घेतली. थायरॉइडचे प्रतिपिंड माझ्या प्लेटलेट मारतात का? नाही. शिक्के वेगळे, नोटा वेगळ्या. थायरॉइडमुळं प्लेटलेट गेल्या असं नाही आणि प्लेटलेटमुळं थायरॉइड बिघडलं असंही नाही. पण ज्या मशीनचा डोळा एका नोटेला फसला, तो दुसऱ्या नोटेलाही फसण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त. आईचा ग्रेव्ह्ज, मावशीचं कोड, माझ्या दोन फाइली, सगळं एकाच कारखान्यातलं. आयटीपीवर जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून २०१० साली जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात म्हटलंय की वर्षानुवर्षं नजर ठेवलेल्या आयटीपीच्या रुग्णांत ८ ते १४ टक्के लोकांचं थायरॉइड पुढं जास्त धावायला लागलं. म्हणून पाणथरी काढायचं ऑपरेशन ठरवण्याआधी थायरॉइड तपासून घेणं बरं, असंही म्हणतात.

परतीच्या एसटीत नवरा खिडकीशी होता. सातारा गेलं, कराड आलं, तरी गप्प. कराडला चहाला उतरलो तेव्हा म्हणाला, "म्हणजे ते भाजलेलं नव्हतं?"

"नाही."

"दूध सांडलं तेव्हा किती वर्षांची होती, वगैरे सगळं सांगितलं होतं तुझ्या आईनं." मग बराच वेळ कप हातात धरून, "आपल्या पोरीला होईल का काही?"

मी हाच प्रश्न केबिनमध्ये विचारला होता, तो तेव्हा औषधाची चिठ्ठी घेऊन खाली गेला होता. वारशात येते ती प्रवृत्ती, दुखणं नव्हे. घरात असं आहे म्हणून पोरीला होईलच असं नाही. थकवा, वजन, पाळी, केस, गळ्याशी सूज, असं काही दिसलं तर तपासायचं, उगीच सहा महिन्यांनी सुया टोचायच्या नाहीत. हे त्याला सांगितलं. त्यानं दुसरा चहा घेतला.

नंतरच्या रात्री माझ्या फार वाचण्यात गेल्या. कारण झोपच नव्हती. डेक्सामेथासोन नावाचं स्टिरॉइड रोज ४० मिलिग्रॅम, असं चार दिवस. पहिल्या रात्री तीन वाजता मी स्वयंपाकघरातले सगळे डबे घासले. दुसऱ्या रात्री धाकट्याची जुनी पुस्तकं लावली. भूक अशी की अडीच वाजता शिळी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन परत फ्रीज उघडला. त्या रात्रींत मोबाइलवर भाषांतर करत करत जे वाचलं, त्यातल्या दोन माणसांना मी विसरू शकत नाही.

एक, हाकारू हाशिमोटो. जपानच्या फुकुओकातला तरुण डॉक्टर. १९१२ मध्ये त्यानं चार बायकांच्या गळ्यातनं काढलेल्या गाठींचं वर्णन एका जर्मन मासिकात छापलं. गाठींमध्ये पांढऱ्या पेशींची दाटी होती, ती तिथं काय करतेय हे तेव्हा कुणालाच कळलं नाही. पुढं तो आपल्या गावी जाऊन साधी डॉक्टरकी करत राहिला आणि १९३४ मध्ये टायफॉइडनं गेला. आपलं नाव जगभरच्या बायकांच्या फाइलींवर पडणार आहे, हे त्याच्या गावीही नसेल.

दुसरा, अमेरिकेतल्या सेंट लुइसचा विल्यम हॅरिंग्टन. १९५० मध्ये त्यानं आयटीपीच्या एका बाईचं रक्त स्वतःच्या अंगात चढवून घेतलं. काही तासांत त्याच्या प्लेटलेट तळाला गेल्या, त्याला झटका आला, अंगावर डाग उमटले. काही दिवसांत तो सावरला. प्लेटलेट मारणारं काहीतरी त्या बाईच्या रक्तातच आहे, हे त्यानं असं दाखवून दिलं. १९५१ मध्ये ते छापून आलं. त्यानंतर पाचच वर्षांनी, १९५६ मध्ये, लंडनमध्ये रॉइट आणि डोनिआक यांना हाशिमोटोच्या रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच थायरॉइडविरुद्धचे प्रतिपिंड सापडले. तोपर्यंत शरीर आपल्याच माणसावर हात उगारत नाही, असाच बहुतेकांचा समज होता. पहाटे साडेतीनला, डबे घासून झाल्यावर, मला या माणसांचं फार आपलेपण वाटायचं. रक्त चढवून घेणाऱ्याचं तर जास्तच. आमचे कॅशियर लोक खात्री करायला नोट उजेडात धरतात, हा माणूस स्वतःच उजेडात उभा राहिला.

आठव्या दिवशी माझ्या प्लेटलेट १,३८,०००. पेढे वाटले. दीड महिन्यात ४१,०००. परत चार दिवसांचा डोस, परत चढ, परत उतार. डिसेंबरात १९,०००. पेढे वाटायची घाई करू नये, एवढं ज्ञान झालं.

मधल्या काळात मला एक वेडी आशा लागली होती. थायरॉइड नीट झालं की प्लेटलेट आपोआप वर येतात, असं वाचलं होतं. यात तथ्य आहे, पण थोडं. थायरॉइड जास्त धावत असेल तर प्लेटलेटचं आयुष्य घटतं, फार कमी असेल तर त्या बनायला कमी पडू शकतात, आणि असा हलका उतार थायरॉइड जागेवर आल्यावर बऱ्याचदा भरून निघतो. माझा टीएसएच, म्हणजे थायरॉइड कमी पडलं की वाढणारा आकडा, चौदा निघाला होता. गोळी रोज घेत होते, फक्त चहाबरोबर. मॅडमनी विचारलं, "दुधाचा चहा?" मी म्हणाले, "मग काय कोरा?" त्या हसल्या नाहीत. गोळी नुसत्या पाण्याबरोबर, नंतर निदान अर्धा-पाऊण तास काही नाही, कॅल्शियम आणि लोहाची गोळी चार तास लांब. आणि केसांसाठी घेत असलेली बायोटिनची गोळी तपासणीआधी किमान दोन दिवस बंद, कारण तिच्यामुळं थायरॉइडचे आकडे खोटे येऊ शकतात. हे सगळं पाळलं. दोन महिन्यांत टीएसएच ३.२ वर आला. केस गळायचे थांबले, सकाळी उठवेना झालं होतं ते उठवायला लागलं, पाळी आटोक्यात आली.

प्लेटलेट जागच्या हलल्या नाहीत.

मी मॅडमवर चिडले. म्हणजे फोनवर थोडा आवाज चढला. त्या म्हणाल्या, "थायरॉइड सुधारलं हा तोटा आहे का? ते तसंच ठेवून मी प्लेटलेटचा उपचार कसा मापू?" कॅशियरला पटण्यासारखं होतं. दोन खात्यांची बाकी एकमेकांत मिसळून हिशेब लागत नाही.

जानेवारी २०२४ पासनं एल्ट्रोम्बोपॅग सुरू झालं. ही गोळी पहाऱ्याला हात लावत नाही, हाडाच्या मगजातल्या कारखान्याला ओरडून सांगते की माल वाढवा. यकृताची तपासणी अधूनमधून करावी लागते. पण खरी गंमत वेळापत्रकाची. ही गोळी दूध, दही, कॅल्शियम, लोह यांच्यानंतर चार तासांनी किंवा आधी दोन तास. आणि थायरॉइडच्या गोळीचं आपलं सोवळं वेगळं. दोन कडक सासवांच्या मधली सून व्हावं तशी माझी गत. महिनाभर चुकत चुकत असं बसलं: पहाटे साडेपाचला थायरॉइडची गोळी आणि पाणी. सव्वासहाला चहा. दुपारी जेवणानंतर लोहाची गोळी, त्याच्या आसपास चहा नाही. साडेचारला पतसंस्थेतला चहा, तो दिवसातला शेवटचा दुधाचा घोट. आठला जेवण, त्यात दही नाही, ताक नाही. नऊला एल्ट्रोम्बोपॅग. झोप.

यात फसवतात त्या साध्या दिसणाऱ्या गोष्टी. दूध टाळलं म्हणून मी रात्री हौसेनं नाचणीची भाकरी आणि तिळाची चटणी खात होते. दोन्हीत कॅल्शियम ठासून भरलेलं. महिनाभर गोळीतली थोडी ताकद त्या भाकरीनंच खाल्ली असणार. आता रात्री ज्वारी. कोजागरीला मात्र जमतं. नऊला गोळी, साडेअकराला गच्चीवर मसाला दूध, मध्ये अडीच तास. चंद्राला तेवढं थांबायला काय होतंय?

आता आकडा साठ ते नव्वद हजारांत फिरतो. एक लाखाच्या वर जायचा हट्ट मॅडमना नाही आणि मलाही उरला नाही. तीस हजारांच्या वर, आणि कुठं रक्त येत नसेल तर बऱ्याचदा नुसतं लक्ष ठेवतात. डोकं दुखलं तर पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन नाही. दाढ काढायच्या आधी डेंटिस्टला सांगायचं. दोन्ही फाइली पंच करून एकीत घातल्या आहेत. पहिल्या पानावर घरातल्यांची यादी, माझ्याच अक्षरात.

ती यादी घेऊन या मे महिन्यात मी मावशीकडं गेले, तासगावजवळ. तिला ६९ वर्षं झाली. गेली काही वर्षं ती हळू झाली आहे. आवाज जाड, पाय सुजल्यासारखे, उन्हाळ्यातही अंगावर शाल. सगळे वय म्हणत होते, मीही. यादी लिहून झाल्यावर मला पहिल्यांदा तिचं नाव दुसऱ्या बाजूनं वाचता आलं. कोड असलेल्या माणसाचं थायरॉइड तपासायला हवं, हे मॅडमनी त्याच दिवशी सांगितलं होतं. मी स्वतःच्या अकरा हजारांत गुंतले होते.

तिला मी सगळं सांगितलं. पुण्यातली केबिन, कराडचा चहा, दूध सांडल्याची गोष्ट फुटली तेही. ती हरभरे निवडत होती. म्हणाली, "तुझ्या आईला गोष्ट रचायची फार हौस. दूध म्हणे. आमच्याकडं म्हैस तरी होती का तेव्हा?"

दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी तासगावातल्या लॅबमध्ये नेलं. उपाशीपोटीची गरज नव्हती, पण तिनं आदल्या रात्रीच ठरवलं होतं. काउंटरवर विशीतला मुलगा, कानात पेन. नाव, वय, पत्ता लिहून घेतला. मग मान वर न करता म्हणाला, "आजी, आणखी काही आजार? बीपी, शुगर?"

"कोड आहे," मावशी म्हणाली. हळू नाही. बाकावर बसलेली दोन माणसं वळली. तिनं पदर मागं सारून डावा हात काउंटरवर ठेवला. "इथं आधी आलं. नववीत होते मी. मग मानेवर, आणि आई गेली त्या वर्षी थांबलं. लिहा."

मुलानं फॉर्मवर बघितलं. तिथं तेवढी जागा नव्हती. त्यानं तो उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहायला लागला.